नाव झाकायचे ते कोणापासून?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ठाणे-नवी मुंबईतल्या गृहसंकुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाण्याचा, पार्किंगचा किंवा मेंटेनन्सचा वाद पेटला की एक वाक्य हमखास येते : ‘हिंमत असेल तर नाव लावून बोला.’ त्याच ग्रुपवर तीन-चारशे जणांचे मोबाइल नंबर, फ्लॅट नंबर आणि शाळेच्या गणवेशातल्या मुलांचे फोटो उघड्यावर पडलेले असतात, त्याचे मात्र कुणाला काही वाटत नाही. आम्ही दोघे माहिती-सुरक्षेच्या क्षेत्रात काम करतो. ऑनलाइन वावरताना खरे नाव लावावे की टोपणनाव घ्यावे, असे आम्हाला सतत विचारले जाते. आमचे म्हणणे एवढेच, की त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा : नाव झाकायचे ते नेमके कोणापासून? शेजाऱ्यांपासून, ऑफिसातल्या साहेबांपासून, पाठलाग करणाऱ्या माणसापासून की पोलिसांपासून? प्रत्येकासाठी उपाय वेगळा आहे, आणि पोलिसांपासून लपण्याचा उपाय सामान्य माणसाकडे नाही.

तेवढे आधी स्पष्ट करतो, कारण टोपणनावाच्या आडून शिव्या घालणाऱ्यांचा सगळा भरवसा त्यावरच असतो. भारतात सिमकार्ड ओळखपत्राशिवाय मिळत नाही. कोणत्या ग्राहकाने कोणत्या वेळी कोणता आयपी पत्ता (इंटरनेटवरचा जोडणी-क्रमांक) वापरला, याच्या नोंदी दूरसंचार कंपन्यांना किमान 2 वर्षे ठेवाव्या लागतात. डिसेंबर 2021 पूर्वी ही मुदत एक वर्षाची होती. खाते बंद केले तरी त्या वापरकर्त्याची नोंदणीची माहिती समाजमाध्यमांना 180 दिवस जपून ठेवावी लागते. व्हीपीएन (इंटरनेटवरचा आपला पत्ता झाकणारी सेवा) विकणाऱ्या कंपन्यांनी ग्राहकांची माहिती 5 वर्षे ठेवावी, असा आदेश केंद्राच्या सर्ट-इन या सायबर-सुरक्षा संस्थेने 28 एप्रिल 2022 रोजी काढला. अनोळखी खात्यावर दावा लावायचा असेल तर आपल्या न्यायालयांत ‘जॉन डो’ किंवा ‘अशोक कुमार’ या नावाने प्रतिवादी करतात आणि पुढे न्यायालयच कंपनीकडून खरे नाव मागवते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 351(4) प्रमाणे तर निनावी धमकीला, साध्या धमकीच्या शिक्षेवर आणखी 2 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नाव नसणे हा तिथे गुन्हा वाढवणारा भाग आहे.

मग टोपणनाव हवे कशाला? त्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात घडले आहे. नोव्हेंबर 2012 मध्ये फेसबुकवरच्या एका पोस्टवरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. दोघींनीही आपल्या खऱ्या नावाने लिहिले होते. एकीने पोस्ट टाकली होती, दुसरीने ती ‘लाइक’ केली होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या 66अ कलमाखाली अशा अटका होत, ते सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात 24 मार्च 2015 रोजी घटनाबाह्य ठरवले. 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. कायदा नंतर सुधारला, पण नाव उघडे असण्याची किंमत त्या दोघींनी आधीच मोजली होती.

उलट बाजूने, ‘प्रत्येक खाते आधारला जोडा, म्हणजे ट्रोलिंग थांबेल’ असा उपाय मधूनमधून सुचवला जातो. दक्षिण कोरियाने हे करून पाहिले आहे. 2007 पासून तिथल्या मोठ्या संकेतस्थळांवर लिहिणाऱ्याची खरी ओळख तपासणे बंधनकारक झाले. जुलै 2011 मध्ये अशाच एका मोठ्या सेवेतून सुमारे साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली आणि ऑगस्ट 2012 मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती सक्ती रद्द केली. नाव गोळा केले की ते सांभाळावेही लागते, आणि सोसायटीच्या एक्सेल शीटपासून बड्या कंपनीपर्यंत ते सांभाळण्यातच सगळे कमी पडतात.

खरे नाव आणि पूर्ण निनावीपणा यांच्या मधे दोन पायऱ्या आहेत, त्यांचा विचार क्वचितच होतो. पहिली पायरी टिकाऊ टोपणनावाची. गोपाळ हरी देशमुख 1848 पासून मुंबईच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रे लिहीत होते. ते सरकारी नोकरीत होते. नाव झाकलेले होते, पण प्रत्येक पत्राखाली सही तीच असल्यामुळे वाचक मागच्या पत्राचा जाब पुढच्या पत्राला विचारू शकत होते. दर भांडणाला नवे खाते काढणाऱ्याला हे लागू होत नाही. दुसरी पायरी तुमच्या वृत्तपत्राला चांगली ठाऊक आहे : नाव-पत्ता संपादकांकडे, छापून येते ते फक्त गाव. एकाला नाव माहीत, बाकीच्यांना नाही. आम्हाला सर्वांत उपयोगी वाटते ती हीच पायरी, आणि तिच्यासाठी कायद्याने काही वाटाही करून ठेवल्या आहेत.

रेल्वे, राष्ट्रीयीकृत बँका, बंदर प्राधिकरण अशा केंद्राच्या अखत्यारीतल्या ठिकाणचा भ्रष्टाचार उघड करायचा असेल, तर निनावी अर्जाचा उपयोग नाही. केंद्रीय दक्षता आयोगाच्या धोरणानुसार निनावी किंवा खोट्या नावाच्या तक्रारीवर कारवाई होत नाही. त्याऐवजी माहिती देणाऱ्याचे नाव गुप्त ठेवणाऱ्या 2004 च्या पीआयडीपीआय ठरावाखाली तक्रार करता येते. लिफाफा बंद, त्यावर ‘पीआयडीपीआय’ असा स्पष्ट उल्लेख, पत्ता आयोगाच्या सचिवांचा. आपले नाव-पत्ता लिफाफ्यावर घालायचा नाही. तो आतल्या पत्राच्या सुरुवातीला, शेवटी किंवा वेगळ्या चिठ्ठीवर द्यायचा. घोळ होतो तो मजकुरात. ‘मी स्वतः 12 तारखेला ही फाइल साहेबांकडे नेली’ असे एक वाक्य आले, की नाव गुप्त ठेवूनही उपयोग नसतो, कारण ती फाइल नेणारा एकच माणूस असतो. पोच येत नाही. म्हणून पोच मागत बसू नये आणि स्मरणपत्रेही पाठवू नयेत.

माहिती अधिकाराच्या अर्जात कारण सांगावे लागत नाही आणि संपर्कापुरती सोडून इतर वैयक्तिक माहिती द्यावी लागत नाही. कलम 6(2) मध्ये तसे स्पष्ट लिहिले आहे. अर्जदाराने पोस्ट बॉक्स क्रमांक दिला असेल तर घरच्या पत्त्याचा आग्रह धरू नये, असे कोलकाता उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2013 मध्ये सांगितले. अनधिकृत बांधकामाची माहिती मागणाऱ्याने ही सोय लक्षात ठेवावी. महापे, ऐरोली, वागळे इस्टेटमधल्या कंपन्यांतल्या महिलांसाठी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याखालची अंतर्गत समिती आहे : तक्रार लेखी आणि नावानिशी, घटनेपासून 3 महिन्यांच्या आत. कलम 16 नुसार त्या नावाची वाच्यता करायला बंदी आहे. निनावी पोस्ट आधी टाकली आणि मुदत हातची गेली, असे होऊ देऊ नये.

आता टोपणनाव कसे फुटते ते जरा जवळून पाहू. ते फोडायला हॅकर लागत नाही. शेजारच्या काकूंनाही जमेल.

मोबाइल नंबरापासून सुरुवात करा. एखाद्या ग्रुपवर ‘जागरूक नागरिक’ या नावाने कुणी लिहिते, फोटोच्या जागी तिरंगा आहे. नंबर मात्र दिसतो. तो नंबर यूपीआय अ‍ॅपमध्ये टाकून एक रुपया पाठवायच्या पडद्यापर्यंत जायचे. पैसे पाठवावेच लागत नाहीत. नंबर यूपीआयला जोडलेला असेल तर बँकेत नोंदलेले पूर्ण नाव समोर येते. फसवणूक टाळण्यासाठी हे नाव दिसायलाच हवे, आणि 2025 पासून बँकेतलेच नाव दाखवण्याचे बंधन यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने सर्व अ‍ॅपना घातले, ते योग्यच झाले. म्हणून टोपणनावाच्या खात्यासाठी जो नंबर वापराल तो कोणत्याही बँक खात्याला जोडलेला नसावा. हे एक पथ्य पाळले तरी अर्धे काम होते.

फ्लॅट नंबरही तसाच. ‘सी-1104’ हे टोपणनाव नव्हे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर मोफत शोधाची सोय आहे : वर्ष, जिल्हा, गाव आणि मिळकत क्रमांक भरला की सूची क्रमांक 2 मध्ये घेणाऱ्याचे आणि देणाऱ्याचे नाव दिसते. ठाण्यातल्या अनेक इमारतींचा माजिवडे, कोलशेत, कावेसर असा गावनिहाय दस्तांचा तपशील त्यात सापडतो. मतदार यादी तर कुणालाही पाहता येते. तिच्यात नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, वय आणि घर क्रमांक असतो. या नोंदी सार्वजनिक असणे गरजेचे आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. आपले नाव पूर्ण झाकलेले आहे या भ्रमात मात्र कुणी राहू नये.

सर्वांत जास्त माणसे सापडतात ती स्क्रीनशॉटवरून. ग्रुपवरच्या संभाषणाचा स्क्रीनशॉट ‘कुणी फोडला’ हे शोधायला पाच मिनिटे लागतात. ज्याच्या फोनवरून तो घेतला, त्याचे स्वतःचे संदेश उजवीकडे, वेगळ्या रंगात दिसतात. इतरांची नावे त्याच्या फोनबुकात जशी साठवली असतील तशीच येतात : एखादे ‘जोशी काकू पाळणाघर’, एखादे ‘भावोजी’, एखादे ‘सेक्रेटरी नवीन’. ज्यांचा नंबर साठवलेला नाही त्यांच्या नावाआधी नागमोडी रेघ येते. त्या सदस्याला ‘भावोजी’ म्हणणारी व्यक्ती अख्ख्या संकुलात एकच असते. वरच्या पट्टीत वेळ, बॅटरी, दोन सिमच्या खुणा आणि सूचनांचे आयकॉन असतात, ते वेगळेच. नावे झाकायला लोक हायलायटरची रेघ ओढतात. ती अर्धपारदर्शक असते आणि चित्राचा उजेड वाढवला की खालची अक्षरे वाचता येतात. झाकायचेच असेल तर पूर्ण अपारदर्शक चौकोन टाकावा, मग त्या झाकलेल्या चित्राचा पुन्हा स्क्रीनशॉट घ्यावा आणि तोच पाठवावा. त्याहून बरे म्हणजे मजकूर स्वतः टाइप करून पाठवणे. पोलिसांकडे किंवा न्यायालयात द्यायचा पुरावा मात्र मूळ स्वरूपातच ठेवावा, त्यावर काहीही झाकू नये.

फाइलच्या पोटातही नाव असते. वर्डमध्ये लिहिलेल्या तक्रारीच्या गुणधर्मांत लेखकाचे नाव असते, आणि त्यावरून पीडीएफ काढली तर ते बहुधा पीडीएफमध्येही उतरते. ऑफिसच्या लॅपटॉपवर ते नाव कंपनीने घातलेले असते. पीडीएफ काढण्याआधी वर्डमध्ये फाइल, इन्फो, चेक फॉर इश्यूज, इन्स्पेक्ट डॉक्युमेंट या क्रमाने जाऊन ‘डॉक्युमेंट प्रॉपर्टीज अँड पर्सनल इन्फर्मेशन’ काढून टाकावे. मोबाइलने काढलेल्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश असू शकतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ते गळून पडतात. ‘क्लिअर यावा’ म्हणून तोच फोटो डॉक्युमेंट करून पाठवला की सगळे जसेच्या तसे जाते. खड्ड्याचा किंवा कचऱ्याचा फोटो महापालिकेला पाठवताना जागा हवीच असते, तिथे ती ठेवा. घराच्या खिडकीतून काढलेल्या फोटोत मात्र ती नको. खरे तर त्या फोटोला अक्षांशही लागत नाहीत : येऊरचे डोंगर कोणत्या बाजूने दिसतात, खाडी किती लांब आहे, समोरच्या टॉवरला किती मजले आहेत, एवढ्यावरून घोडबंदर रोडवरची इमारत आणि साधारण मजलाही ओळखता येतो.

लिहिण्यातूनही माणूस ओळखू येतो. ‘मी नौपाड्यात राहते’ याने काही कळत नाही. महिन्याभराने ‘ऐरोलीच्या ऑफिसातून’, मग ‘मुलगी यंदा दहावीला’, मग ‘सासऱ्यांचे डायलिसिस’. चार पोस्टमधले चार तपशील एकत्र केले की एकच घर उरते. म्हणून टोपणनावाने लिहिताना गाव, व्यवसाय, कुटुंब आणि आजार यांपैकी एखादीच गोष्ट खरी आणि नेमकी सांगावी, बाकीच्यांबद्दल गप्प राहावे. खोटे तपशील पेरू नयेत. ते पुढे आठवत नाहीत आणि पकडले जाता तेव्हा मूळ मुद्द्यावरचाही विश्वास उडतो.

आणखी एक नेहमीची चूक म्हणजे जुन्याच खात्याचे नाव बदलून त्याला टोपणनावाचे खाते करणे. इन्स्टाग्रामवर ‘अबाउट धिस अकाउंट’ मध्ये खाते कधी उघडले आणि नाव किती वेळा बदलले ते दिसू शकते. जुने फॉलोअर, जुने टॅग, मित्रांच्या फोटोखालचे ‘वाढदिवसाच्या शुभेच्छा’ हे सगळे तिथेच राहते. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोडला तरी 60 दिवसांपर्यंत ‘पूर्वीचे सदस्य’ या यादीत नाव दिसते. उघड्याचे झाकता येत नाही, झाकलेले मात्र केव्हाही उघडता येते. म्हणून शंका असेल तर सुरुवात टोपणनावाने करावी.

खाते नव्याने काढायचे तर क्रम महत्त्वाचा आहे. आधी नवा ईमेल. त्यात आडनाव, जन्मसाल, गाडीचा नंबर, मुलाचे नाव काही नको. मग ब्राउझरमध्ये वेगळे प्रोफाइल किंवा फोनमधली ‘सेकंड स्पेस’ किंवा ‘वर्क प्रोफाइल’ची सोय. अ‍ॅप टाकल्यावर ते संपर्कांची परवानगी मागेल, ती नाकारायची, आणि त्यानंतरच खाते उघडायचे. उलट क्रमाने केले की फोनबुक आधीच वर जाते आणि तासाभरात तुमचे नवे खाते चुलतभावाला ‘तुमच्या ओळखीचे असू शकतात’ म्हणून दाखवले जाते. शक्य तिथे नंबराऐवजी ईमेलने नोंदणी करावी. टेलिग्रामवर नंबर कुणाला दिसावा आणि नंबरावरून कुणी शोधू शकावे, या दोन वेगळ्या सेटिंग आहेत. लोक पहिली बदलतात आणि दुसरी विसरतात. सिग्नलवर 2024 पासून समोरच्याला नंबर न देता वापरकर्ता-नावाने बोलता येते. फोटो कुठेही न वापरलेला असावा, नाहीतर चित्रावरून शोध घेतला की जुने प्रोफाइल समोर येते.

दुसरे सिम घ्यायचे असेल तर स्वतःच्याच कागदपत्रांवर घ्यावे. एका व्यक्तीच्या नावावर 9 सिम चालतात, त्यामुळे अडचण येत नाही. दुसऱ्याच्या आधारवर किंवा फसवून घेतलेल्या सिमला 2023 च्या दूरसंचार कायद्यात 3 वर्षांपर्यंत कैद आणि 50 लाखांपर्यंत दंड आहे. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते संचार साथी पोर्टलवर पाहता येते. सहा महिन्यांतून एकदा पाहावे. दुसरे सिम ड्रॉवरमध्ये पडून रिचार्जअभावी बंद पडते, हाही नेहमीचा अपघात. बंद झालेला नंबर 90 दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला देता येतो, आणि तुमच्या खात्याचा ओटीपी त्याच्याकडे जाऊ लागतो. म्हणून टू-स्टेप पडताळणी एसएमएसवर न ठेवता ऑथेंटिकेटर अ‍ॅपवर ठेवावी आणि बॅकअप कोड कागदावर लिहून कपाटात ठेवावेत. खऱ्या नावाचे खाते ओळखपत्र दाखवून परत मिळण्याची शक्यता तरी असते. टोपणनावाचे खाते गेले की सिद्ध करायला हातात काहीच नसते.

टोपणनावाने पैसे मागू नयेत, वर्गणी काढू नये, औषधे सुचवू नयेत, गुंतवणुकीचा सल्ला देऊ नये. समोरच्याला नुकसान झाले तर जाब विचारायला माणूस सापडला पाहिजे. यावर आमचे मत ठाम आहे. डॉक्टर, वकील, सीए, शिकवणी घेणारे, घरगुती फराळ किंवा डबे विकणारे, सोसायटीचे पदाधिकारी आणि निवडणूक लढवणारे यांनी आपापल्या कामापुरते खरे नावच लावावे. खाद्यपदार्थ विकणाऱ्याचा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी (एफएसएसएआय) क्रमांक जाहिरातीवर दिसला पाहिजे. मात्र उघडे राहायचे म्हणजे घरदार उघडे टाकायचे असे नाही. धंद्याचा नंबर वेगळा ठेवावा. गूगलवर व्यवसायाची नोंद करताना घरपोच सेवा असेल तर पत्ता लपवून फक्त सेवेचा भाग, म्हणजे ‘कोपरी ते मानपाडा’ असा दाखवता येतो. घरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर प्रोफाइल फोटो, लास्ट सीन आणि ‘ग्रुपमध्ये कोण घेऊ शकते’ या तिन्हींवर ‘माझे संपर्क’ निवडावे. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना जुलै 2025 च्या सूचनांनुसार वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवावी लागतात. टोपणनाव घेतले म्हणून 1979 चे वर्तणूक नियम सुटत नाहीत, हेही त्यांनी ध्यानात ठेवावे.

टोपणनाव घेणे गुन्हा नाही. दुसऱ्या जिवंत माणसाचे नाव आणि फोटो लावणे हा गुन्हा आहे : माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66क आणि 66ड कलमांखाली 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड. तुमच्या नावाने कुणी खाते काढले तर आधी त्याच्यावर तुटून पडू नका, तो नाव बदलून निसटतो. प्रोफाइलची पूर्ण लिंक कॉपी करून ठेवा, नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. तारीख-वेळ लिहून ठेवा. मग अ‍ॅपमधून ‘माझ्या नावाने वावरत आहे’ अशी तक्रार करा. असे तोतये खाते पीडिताच्या तक्रारीवर 24 तासांत हटवण्याचे बंधन 2021 च्या नियमांनी घातले होते; फेब्रुवारी 2026 पासून ती मुदत 2 तासांवर आली आहे. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने दाद दिली नाही, तर 30 दिवसांत तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येते. हटवायला सांगण्याआधी पुरावा घेतलेला असावा, कारण खाते गेले की तुमच्या हातातलेही जाते. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र लागते, म्हणून मूळ फोन विकू किंवा फॉरमॅट करू नये. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही आयुक्तालयांची सायबर पोलीस ठाणी आहेत. पैसे गेले असतील तर आधी 1930 या हेल्पलाइनला फोन. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते, पण मग तिचे पुढे काय झाले ते पाहता येत नाही. दुसऱ्यावरचा अन्याय दिसला तर ती वाट ठीक. तक्रार स्वतःची असेल तर नाव द्यावे.

शेवटी गृहसंकुलांच्या समित्यांसाठी. नोटिसा देण्यासाठी चारशे जणांचा ग्रुप लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅप कम्युनिटीच्या घोषणा-ग्रुपमध्ये सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, फक्त अ‍ॅडमिनना दिसतात. तक्रारींसाठी गूगल फॉर्म ठेवायचा तर ‘ईमेल गोळा करा’ बंद करावे. ‘एकच प्रतिसाद’ हा पर्याय लावला तर लॉग-इन मागितले जाते, पण पत्ता तुम्हाला दिसत नाही, हे रहिवाशांना आधी सांगावे; नाहीतर कुणी भरतच नाही. त्याच फॉर्ममध्ये फोटो जोडण्याचा प्रश्न मात्र घालू नये. जोडलेल्या फाइलच्या नावापुढे पाठवणाऱ्याच्या गूगल खात्याचे नाव आपोआप लागते, आणि ‘निनावी’ म्हणून दिलेली तक्रार ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये नावासकट जाऊन बसते. त्याऐवजी एक वेगळा ईमेल ठेवावा, तो समितीतल्या एकाच व्यक्तीने उघडावा आणि त्या व्यक्तीचे नाव सूचना फलकावर लावावे. तक्रारदाराचे नाव तिच्याकडे राहील. बैठकीत फक्त तक्रार वाचली जाईल. सुरक्षारक्षकाशी गैरवर्तन, जिन्यात रोज दारू पिऊन बसणारे कुणी, लिफ्टमध्ये मुलींना होणारा त्रास, अशा तक्रारी ग्रुपवर नाव लावून कधीच येणार नाहीत. त्या या वाटेने येऊ शकतात.

आमची नावे आणि पत्ते सोबतच्या चिठ्ठीत आपल्याकडे दिले आहेत. मदतीसाठी येणाऱ्यांचा माग आमच्या नावावरून काढता येऊ नये, म्हणून छापताना फक्त गाव द्यावे, ही विनंती.

कळावे,
आपले दोन वाचक,
ठाणे (प.)